गोलात उभा राहिलेला घाडी

काशीराम घाडीला माइक कधी लागला नाही. मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळाच्या सत्यनारायणाला दरवर्षी कोणीतरी हौशी माणूस त्याच्यापुढे माइक आणून धरायचा आणि काशीराम दरवर्षी तो हाताने बाजूला सारायचा. मग हातात नारळ घ्यायचा, डोळे मिटायचा आणि पोटातून आवाज काढायचा, "बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!" भोवती गोल करून उभी राहिलेली दीडशे माणसं एका दमात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" त्यासरशी शाळेच्या हॉलमधल्या तुळईवरची कबुतरं उडायची. हे वाढवून सांगितलेलं नाही. कबुतरं खरोखर उडायची आणि नंतर पंगतीत त्यावर दरवर्षी तोच विनोद व्हायचा.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडलेलं मागणं. कुडाळकडच्या त्यांच्या गावात तो मान घाडींचा. कोणी दिला, कधी दिला, कोणाला ठाऊक नाही. काशीरामचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी गेली, परळची खोली गेली, सगळं बिऱ्हाड दिंडोशीच्या वसाहतीत आलं, पण सव्वीस जानेवारीला मंडळाच्या पूजेत नारळ घेऊन मध्ये उभं राहण्याचा मान तेवढा शाबूत राहिला. ते वारल्यावर काशीराम उभा राहू लागला आणि बावीस वर्षं राहिला. कोणाच्या घरी पाळणा हलू दे, कोणाचं आजारपण टळू दे, अमक्याच्या मुलीचं जमू दे, असं नावानिशी मागायचा. हातात कागद नसायचा. सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "लेकरांच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा," आणि तिथे म्हाताऱ्या बायका हटकून डोळ्यांना पदर लावायच्या.

हा माणूस आज चार माणसं गोल करून उभी दिसली की रस्ता बदलतो. त्याला असं कोणी केलं आणि कसं केलं हे सांगायला गेलं की लोक हसतात. म्हणून ते पहिल्यापासून सांगायला हवं.

साकीनाक्याच्या एका गल्लीत औषधांची खोकी छापायचा कारखाना आहे. गोळ्यांचं पाकीट काढून घेऊन आपण जे पुठ्ठ्याचं खोकं न बघता कचऱ्यात टाकतो, ते खोकं. काशीराम तिथे सव्वीस वर्षं होता. हेल्पर म्हणून लागला आणि चढत चढत चेकर झाला. चेकरचं काम साधं आणि जीवघेणं. एका औषधाची खोकी छापून झाली की दुसऱ्या औषधाची सुरू करण्याआधी मशीनखाली, पट्ट्याच्या फटीत, कोपऱ्याकापऱ्यात आधीचं एकही खोकं उरलेलं नाही हे बघायचं आणि सही करायची. रक्तदाबाच्या खोक्यांत मधुमेहाचं एक खोकं गेलं तर काय होईल, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. तो टॉर्च घेऊन मशीनखाली आडवा व्हायचा. सव्वीस वर्षांत त्याच्या सहीखाली असं एकच खोकं निसटलं, तेही टेम्पो अंधेरी ओलांडायच्या आत त्यानेच फोन करून परत आणवलं.

जुने शेठ फाटक्या तोंडाचे होते. सकाळी अकरा वाजता एखाद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि चार वाजता त्यालाच स्वतःच्या कपातला अर्धा चहा द्यायचे. मग त्यांनी अंथरूण धरलं आणि कारभार बघायला त्यांचा मुलगा सुबोध सर आला. सुबोध सर कधी ओरडला नाही. कोणाला अरे-तुरे केलं नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जो तो पहिल्यांदा हेच विचारणार होता.

सुबोध सर लोणावळ्याच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आला आणि येताना गोल घेऊन आला. त्याचं इंग्रजी नाव मोठं भारदस्त होतं, भिंतीवर रंगवलेलंही होतं, पण कामगार त्याला गोलच म्हणत. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी साठच्या साठ माणसांनी मशीन बंद ठेवून गोल करून उभं राहायचं. काल ज्याच्या हातून चूक झाली त्याने मध्ये यायचं आणि म्हणायचं, "माझं नाव अमुक. काल माझ्या हातून चूक झाली." मग ती चूक सांगायची. मग, "चूक माझी, जबाबदारी माझी." त्यावर सगळ्यांनी एका सुरात "थँक्यू, अमुक!" म्हणून तीन टाळ्या वाजवायच्या. दोन नाही, चार नाही, तीनच. ऑफिसातली एक मुलगी ते सगळं वहीत लिहून घ्यायची.

पहिल्या दिवशी कोणीच मध्ये गेलं नाही, कारण आदल्या दिवशी काही चुकलंच नव्हतं. सुबोध सर हसला. म्हणाला, "साठ माणसं, आठ तास, आणि एकही चूक नाही? म्हणजे कोणीतरी लपवतंय. काही घाई नाही. थांबू आपण." आणि थांबला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मशीन बंद. बुडालेलं काम संध्याकाळी थांबून भरून द्यायचं हे सगळ्यांना कळत होतं. पॅकिंगच्या बायकांना पाळणाघरातून पोरं आणायची होती, त्या रडकुंडीला आल्या.

तेव्हा काशीराम पुढे झाला. त्याला माणसांच्या मध्ये उभं राहायची घरचीच सवय. सगळ्यांच्या वतीने बोलायचं, यात त्याला वेगळं काही वाटलं नाही. "माझं नाव काशीराम," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "काल माझ्या हातून चूक झाली. निळ्या पेनाऐवजी काळ्या पेनाने सही केली." धादांत खोटं. साठ माणसांनी सुटकेचा श्वास टाकून "थँक्यू, काशीराम!" म्हटलं, तीन टाळ्या वाजवल्या आणि मशीन सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. एवढा साधा हिशेब त्याला कळला नाही, की देव गाऱ्हाणं ऐकून सोडून देतो आणि वहीतलं मात्र वहीतच राहतं.

पुढे चहाच्या टपरीवर नंबर लागू लागले. उद्या मध्ये कोण, परवा कोण, आणि चूक कोणती सांगायची. रोज कोणीतरी मध्ये हवाच, नाहीतर गोल सुटत नाही. काहींना ते जमायचं, काहींना जमायचं नाही. राजेशला अजिबात जमायचं नाही. राजेश काशीरामच्या गावचा, वाडीतलाच, त्याला इथे चिकटवला तोही काशीरामनेच. खोकी चिकटवायच्या मशीनवर तो होता आणि कामाला वाघ होता. पण नंबर आला की सकाळपासून तो आपलं वाक्य घोकत बसायचा. एकदा तो मध्ये उभा राहिला आणि स्वतःचं नावच विसरला. सुबोध सर अतिशय प्रेमाने म्हणाला, "टेक युवर टाइम, राजेश." पंधरा मिनिटं साठ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. त्या दिवशी संडासात जाऊन तो ओकला. नंतर त्याचा नंबर आला की काशीराम हळूच म्हणायचा, "तू रव, मी जातंय." राजेशची बायको तेव्हा पोटुशी होती. मग पॅकिंगमधल्या एका बाईचा नवरा इस्पितळात, तिचाही नंबर काशीरामने घेतला. मग आणखी कोणाचा.

सुरुवातीला तो घरी येऊन त्याची नक्कल करायचा. ताटावर बसून सुबोध सरच्या आवाजात "थँक्यू, सुलक्षणा" म्हणायचा, बायको आणि मुलगी प्रांजल पोट धरून हसायच्या. पाच-सहा महिन्यांनी नक्कल बंद झाली. कारण सुबोध सरला आता नुसती चूक पुरत नव्हती. "काशीराम, आज आवाजात मन नव्हतं," तो म्हणायचा. "परत. आणि ह्या वेळी मनापासून." एके दिवशी असं चार वेळा म्हणायला लावल्यावर पन्नाशीच्या काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. सुबोध सरने स्वतः पुढे येऊन त्याला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्याला म्हणतात मोठा माणूस!" साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या, तीन.

खोटी चूक रोज मनापासून सांगायची तर ती खरी वाटावीच लागते. काशीरामला ती खरी वाटू लागली. तो मशीनखाली एकदा बघायचा तिथे पाचदा बघू लागला. बसस्टॉपवर पोचून परत फिरू लागला, राहिलं असेल एखादं खोकं म्हणून. पहाटे सुलक्षणाला उठवून विचारायचा, "मी टॉर्च मारलंय मां गो फटीत?" तिला काय ठाऊक!

दीड वर्षाने सुबोध सरने त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि वही उघडली. एकशे बेचाळीस चुका. त्याच्या खालोखाल ज्याच्या होत्या त्याच्या एकोणीस. "आमचा तुमच्यावर काही आरोप नाही, काशीराम," सुबोध सर म्हणाला. "हे सगळं तुम्हीच सांगितलंय." ते खरंच होतं. वाद घालायला जागाच नव्हती. नंबर लावले होते, दुसऱ्यांचे घेतले होते, असं सांगावं तर साठ जणांची नोकरी धोक्यात. त्याने राजीनाम्यावर सही केली, निळ्या पेनाने. दुसऱ्या दिवशी त्याला निरोप द्यायला गोल झाला. "थँक्यू, काशीराम!" तीन टाळ्या. राजेशही गोलात होता, खाली बघून टाळ्या वाजवत होता. महिन्याभरात काशीरामच्या जागी चेकर म्हणून राजेश लागला.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. आता एखाद्याला वाटेल, सुटला बिचारा. सुटला कुठला! रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काशीराम जिथे असेल तिथे उठून उभा राहू लागला. दूध उतू गेलं तरी पुटपुटायचा, "चूक माझी, जबाबदारी माझी." सुलक्षणा आधी हसली, मग चिडली, मग गप्प झाली. बोरिवलीला पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, रिवाजाप्रमाणे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि काशीराम नाहीसा झाला. शोधल्यावर हॉलच्या मागच्या जिन्यात सापडला. कोट घामाने भिजलेला, हात मांड्यांखाली दाबून बसलेला. जेवला नाही. व्याही मंडळींना वाटलं, मानपानावरून रुसला.

प्रांजल त्याला पालिकेच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती, भली होती. तिने विचारलं, "कामावर मारहाण झाली होती का?"

"नाही."

"शिवीगाळ? जातीवरून काही? धमक्या?"

"नाही, नाही. शिव्या जुने शेठ द्यायचे. त्याचं काय नाय."

"मग नवे साहेब काय करायचे?"

काशीरामने प्रांजलकडे बघितलं. त्याला स्वतःलाच लाज वाटली. "टाळ्या वाजवायचे," तो म्हणाला. "थँक्यू म्हणायचे."

डॉक्टरचं पेन थांबलं. मग तिने गोळ्या लिहिल्या आणि समजावून सांगितलं, की मनाला इजा व्हायला मारच बसावा लागतो असं नाही, रोज थोडं थोडं केलेलंही आत जाऊन बसतं आणि माणूस तिथून निघाला तरी ते निघत नाही. दर गुरुवारी बोलायला या म्हणाली. तो चार गुरुवार गेला. पाचव्या गुरुवारी तिने त्याला अशाच त्रासाच्या इतर माणसांबरोबर बसवायचं ठरवलं. दार उघडलं तर आत बारा खुर्च्या गोल मांडलेल्या. काशीराम उंबऱ्यावरूनच मागे फिरला तो पुन्हा गेला नाही.

मंडळात ह्याचा गवगवा व्हायचा तो झालाच. सेक्रेटरी श्यामसुंदर, काशीरामचा चुलतभाऊ, चारचौघांत म्हणाला, "खोकीच छापी होतो मां? खंय सीमेर लढाक गेल्लो?" सगळे हसले. आणि राजेश? ज्याचे नंबर काशीरामने घेतले, तो राजेश? तो घरी येऊन, सुलक्षणाच्या हातचा चहा पिऊन सांगून गेला, "काका, मी अजून थंयच आसंय. रोज गोलात उभो रवतंय. माका काय झाला? काय नाय झाला. मनार घेवचा नसता." काशीराम मान हलवत राहिला. सुलक्षणाने कप उचलला आणि मोरीत असा आदळला की कान तुटला.

नारळ हातात घेतला की आवाजच फुटेना, म्हणून दोन वर्षं काशीरामने पूजेला जायचं टाळलं. एकदा ताप सांगितला, एकदा सुतक सांगायला नात्यातलं कोणीतरी मारलं. त्या दोन्ही वर्षी श्यामसुंदरने मोबाइलमध्ये बघून गाऱ्हाणं वाचलं. माइक तोंडाला चिकटवून. माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, म्हणायचं म्हणून. कबुतरं जागची हलली नाहीत. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली आणि ठराव झाला, की यंदा काशीराम उभा राहिला नाही तर मान कायमचा श्यामसुंदरच्या घरात जाईल. देवाचं काम अडून राहू शकत नाही. काशीरामची नोकरी गेली, आवाज गेला, झोप गेली. त्याचं म्हणून सांगावं असं एवढं एकच उरलं होतं आणि आता तेही टांगणीला लागलं.

सुलक्षणा डिसेंबरात जत्रेला गावी गेली ती कौल घेऊन आली. देवापुढे नीट विचारलं होतं, नवऱ्याचा आवाज कशाने गेला. कौल झाला, की घाडीने गाऱ्हाणं चुकवलं म्हणून देवाने त्याचा आवाज धरून ठेवला आहे. मुळात आवाज गेला म्हणून गाऱ्हाणं चुकलं होतं. पण कौलाची उलटतपासणी कोण घेणार? "अवो, उभे रवा फकस्त," ती म्हणाली. "तो आपसूक सोडतलो." प्रांजल कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, प्लीज! डॉक्टरांकडे परत जाऊया ना." पण काशीरामला कौल पटला. पटणारच. देव रागावला असेल तर त्याला नारळ देऊन मिटवता येतं. सुबोध सरला कुठला नारळ द्यायचा?

महिनाभर त्याने स्वयंपाकघरात सराव केला. तो ओट्यासमोर नारळ धरून उभा राहायचा आणि सुलक्षणा भाकरी थापता थापता एकटीच दीडशे माणसांचं "व्हय म्हाराजा" म्हणायची. पहिल्या आठवड्यात नुसती घरघर यायची. मग एक ओळ, मग दोन. आणि संक्रांतीच्या दिवशी तो जुना आवाज असा काही फुटला की वरच्या मजल्यावरून ज्युलिया फर्नांडिस धावत खाली आली. दारातच म्हणाली, "काय रे काशीराम, मला वाटलं लाउडस्पीकर लावलास!" सुलक्षणाने तिला तिळगूळ दिला आणि आत जाऊन देवापुढे ढसाढसा रडली. त्या दिवशी नऊ वाजून दहा झाले तेव्हा काशीराम दाढी करत होता आणि दाढीच करत राहिला. हे त्याच्या दुपारी लक्षात आलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या हॉलात पूजा झाली. माणसं उठून गोल करून उभी राहिली. श्यामसुंदर नारळ घेऊन आला आणि माइकही. काशीरामने माइक हाताने बाजूला सारला. हे बघताच जुनी माणसं खूष झाली. राजेश आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोपोरासह. तो बरोबर समोर उभा होता. "काका, आज उडव कबुतरां," तो म्हणाला आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

काशीरामने डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

कबुतरं उडाली. सुलक्षणाने प्रांजलचा दंड घट्ट धरला.

"आज ही तुजी सगळी लेकरां हंय जमली आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वायट नदर, इडापिडा आसात ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नावं आली. तीन वर्षांत झालेली बाळंतपणं, आजारपणं, सगळी त्याला पाठ होती. श्यामसुंदरच्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा त्याने सोडलं नाही. राजेशच्या पोराचं नाव घेऊन त्याला शिकून मोठा कर म्हणाला. माणसांचा आवाज चढत गेला. मग त्याने जुन्या सवयीने आपला आवाज खाली आणला. शेवटचीच ओळ उरली होती.

"लेकरांच्या हातसून काय चुकला-माकला आसात..."

इथे तो थांबला. का थांबला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. थांबला आणि डोळे उघडले. भोवती माणसं उभी होती, गोल करून, त्याच्या तोंडाकडे बघत, आता हा काय म्हणतो ह्याची वाट बघत. काशीरामची पाठ ताठ झाली. नारळ धरलेले हात खाली आले.

"माझं नाव काशीराम," तो म्हणाला. कारखान्यातल्या मराठीत, स्वच्छ.

"व्हय म्हाराजा!" दीडशे माणसं ओघात म्हणाली.

"काल माझ्या हातून चूक झाली."

"व्हय म्हाराजा!" निम्म्या माणसांनी तरी म्हटलंच. गाऱ्हाण्यात आपण कशाला होकार देतोय हे ऐकत कोण असतं?

"फटीत खोकं होतं. मी बघितलं नाही."

"व्हय..." मागच्या दोन म्हाताऱ्यांचा आवाज आला आणि विरला.

"चूक माझी, जबाबदारी माझी."

एक लहान मूल हसलं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. काशीरामला आपण काय केलं ते कळत होतं, अगदी अक्षर न् अक्षर कळत होतं, पण पाय हलत नव्हते. अजून काहीतरी व्हायचं बाकी होतं आणि ते झाल्याशिवाय त्याला तिथून सुटता येत नव्हतं.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "थँक्यू, काशीराम!"

आणि तीन टाळ्या. दोन नाही, चार नाही.

जन्मापासून ज्याला काका म्हटलं त्याला राजेशने नावाने हाक मारली होती. तिसऱ्या टाळीनंतर त्याचे हात तसेच छातीपुढे जुळून राहिले. तो त्या हातांकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचे असावेत तसा. बायको त्याचा शर्ट ओढून विचारत होती, "काय केलास ह्या? काय केलास?" लोकांना वाटलं, थट्टा केली. एका म्हाताऱ्याने तर त्याला "लाज नाय काय रे?" म्हणून झापलंही. थट्टा नव्हती हे तिथे फक्त दोघांना माहीत होतं.

श्यामसुंदरने काशीरामच्या हातातून नारळ घेतला, खिशातून मोबाइल काढला आणि उरलेली ओळ वाचून टाकली. व्हय म्हाराजा. मान गेला. महाप्रसादाच्या रांगा लागल्या.

काशीराम बाहेर पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता. सुलक्षणा बाजूला उभी होती. कौल आणणारी मीच, उभं करणारी मीच, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. राजेश आला, थोडा वेळ उभाच राहिला, मग एक पायरी सोडून बसला.

"काका, माका कळूकच नाय. हात आपसूक..."

"माका ठावक आसा," काशीराम म्हणाला.

सुलक्षणाने राजेशकडे नीट बघितलं. "तुका काय झालेला नाय मां रे?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून घातला.

राजेश चपलांकडे बघत म्हणाला, "उद्या माझो नंबर आसा."

"जाव नको," काशीराम म्हणाला.

"जाव नको तर खंय जाव? पोराक औंदा शाळेत घातलंय."

पूर्वी काशीराम म्हणायचा, तू रव, मी जातंय. आता ते म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा चपात्या लाटत होती. काशीराम खुर्चीवर चहा घेऊन बसला होता. नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि तो उठून उभा राहिला. साकीनाक्याला ह्या क्षणी मध्ये कोण उभं आहे हे आज दोघांनाही माहीत होतं. काशीरामचे ओठ हलले. हात पोटाजवळून हळूहळू वर येऊ लागले, तळवे एकमेकांकडे वळले. सुलक्षणाने लाटणं टाकलं आणि पिठाच्या हातांनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. तिने ते सव्वानऊपर्यंत सोडले नाहीत. तव्यावरची चपाती करपून तिचा धूर घरभर झाला आणि काशीराम म्हणाला, "चूक माझी."